आला आणि शिरला

सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. आम्ही बौद्ध. आमच्या घरात देव नाहीत, देव्हारा नाही, त्यामुळे भुतांचीही सोय नाही. माझे वडील निपाणीला तंबाखूच्या वखारीत राबायचे. ते म्हणायचे, "ज्येच्याकडं देव न्हाय त्येला भूत कुठनं लागंल रं?" मला ते पटलं आणि आजही पटतं. या सदरात लोक वडाखालच्या बायका आणि पांढऱ्या घोड्यांबद्दल लिहितात ते मी चहाबरोबर वाचतो, हसतो आणि पान उलटतो.

तरी आज लिहायला बसलोय. कारण माझी नात. तिला शाळेत शब्दांचे अर्थ दिले होते – अर्थ लिहा आणि वाक्यात उपयोग करा. त्यात एक शब्द होता, ‘शिरणे’. तिनं अर्थ लिहिला – ‘नको असताना आत येणे’. आणि वाक्य... ‘साप घरात शिरला.’ मला वही दाखवून म्हणाली, "आजोबा, बरोबर आहे?" मी बरोबर आहे म्हणालो. दुपारी मात्र झोप लागली नाही.

बरोबरच आहे ना. साप शिरतो, चोर शिरतो, पुराचं पाणी शिरतं. वारं अंगात शिरतं. पाहुणे येतात, जावई येतो, साहेब येतात. आणि मी... मी एकदा एका घरात शिरलो होतो. तसं चौकीतल्या कागदावर लिहिलेलं होतं.

साल शहात्तर की सत्त्याहत्तर, नक्की आठवत नाही. मी मूळचा बोरगावचा, निपाणीजवळचा. एस.एस.एल.सी., म्हणजे दहावी झालो आणि बेळगावात मलेरियाच्या फवारणीवर हंगामी कामगार म्हणून लागलो. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल – खाकी कपडे, बादली, पंप, आणि भिंतींवर ते डीडीटीचे पांढरे ओघळ. काम दोघांचं असायचं. एक जण दारात बादलीतला पंप मारायचा, दुसरा लांब नळी घेऊन घराच्या आत जायचा आणि भिंती फवारायचा. माझा जोडीदार कल्लाप्पा. तो पंपावर, मी नळीवर. कल्लाप्पा गोकाककडचा, घरात कानडी बोलणारा; आमचं आपसात मराठी-कानडी मिसळून चालायचं.

आता गंमत बघा. नळीवाल्याला प्रत्येक घराच्या प्रत्येक खोलीत जावं लागायचं. स्वयंपाकघर, माजघर, देवघरसुद्धा. सरकारचा हुकूम. म्हणजे ज्या घरांच्या ओट्यावरही माझ्या आजाला कुणी बसू दिलं नसतं, त्या घरांच्या चुलीपर्यंत जायचा मला सरकारी परवाना होता. आई म्हणायची, "नोकरी चांगली हाय, पर जपून ऱ्हा. कोण ‘ये’ म्हणालं तरी एका हाकेला जायचं न्हाय. तीनदा म्हणालं तर जा." लोक समजतात हा नियम भुतांसाठी आहे, पहिल्या हाकेला ओ देऊ नये वगैरे. आमच्याकडे तो माणसांसाठी होता.

तो हंगाम माझ्यासाठी महत्त्वाचा होता. आमचे सुपरवायझर इनामदारसाहेब म्हणाले होते, "कांबळे, एक कंप्लेंट येऊ देऊ नकोस, तुझं नाव कायमच्या यादीत घालतो." घरात पगार आणणारा मी एकटा होतो. वडिलांना वखारीतल्या धुळीनं दम्यानं धरलं होतं आणि आई विड्या वळायची. मी त्या यादीकडे डोळे लावून बसलो होतो.

आमच्या वाट्याला वडगावातली विणकरांची एक गल्ली आली. घराघरातून हातमागाचा खटखट आवाज. घरं अरुंद आणि लांब – पुढच्या खोलीत माग, मग माजघर, मग स्वयंपाकघर, मागं विहीर. तिथले लोक फवारणीला नाराज असायचे, आणि त्यात त्यांचीही चूक नव्हती. मागावरच्या साडीवर औषधाचा थेंब उडाला तर साडी वाया. तरी बहुतेक जण सुतावर चादरी टाकायचे, भांडी बाहेर काढायचे, दार उघडायचे आणि बाजूला व्हायचे. ‘या’ कुणी म्हणायचं नाही. फक्त बाजूला व्हायचे. मला त्याची सवय होती.

त्या गल्लीत शेवटून तिसरं घर शंकराप्पांचं. पहिल्या फेरीत मी दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी अंगभर बघितलं आणि विचारलं, "नाव काय रं?"

"दिनकर."

"फुडं?"

"कांबळे."

मग त्यांना साडीची आठवण झाली. "मागावर साडी हाय. डाग पडत्यात. फवारा भायेरनंच मारा, घरात शिरायचं न्हाय." आमच्या रजिस्टरात चार रकाने असायचे – एकूण खोल्या, फवारलेल्या, बंद, नकार. मी ‘नकार’मध्ये खूण केली आणि पुढं गेलो. शेजारच्या घरातही मागावर साडी होती, पण त्यांनी माझं आडनाव विचारलं नव्हतं.

दुसरी फेरी काही महिन्यांनी. भर दुपार, बाराचा सुमार. शंकराप्पांच्या दाराला बाहेरून कडी होती. कुलूप नव्हतं, नुसती कडी. मी कल्लाप्पाला म्हणालो, "बंद लिवतो, चल." खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. ‘बंद’ लिहिलं की कुणाचा अपमान होत नाही. कल्लाप्पानं बादली खाली ठेवली, पंप अजून खांद्यावरच होता. मी चौकटीवर खूण करायला गेरू काढला.

तेवढ्यात आतून हाक आली.

"ये रं बाळा, आत ये."

बाईमाणसाचा आवाज. वयस्क, पण खणखणीत. मी दाराजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "फवारणीवाले हाय आम्ही. कडी भायेरनं हाय. नंतर येतो."

"ये की. उभा का ऱ्हायलास?"

मी कल्लाप्पाकडे बघितलं. तो दाराकडे बघत होता. मला वाटलं घरात म्हातारी आहे, तिला आम्ही कोण ते कळत नाही. मी पुन्हा म्हणालो, "आजी, घरात कोण न्हाय का? शंकराप्पा कुठं हाईत?"

"कडी आधी वर उचल, मग ओढ. ताठ हाय ती. ये लवकर."

आईचा नियम मोजून पुरा झाला होता. मी कडी ओढली, हलली नाही. मग वर उचलून ओढली, आणि ती सुटली.

आत पाय टाकला तोच नाकात जळक्या कापसाचा वास शिरला. (बघा, वाससुद्धा शिरतोच.) पुढच्या खोलीत माग, मागावर अर्धी विणलेली साडी, भिंतीला सुताच्या लडी. माजघरात पाळणा. आमच्याकडे बाळाला न्हाऊ घातल्यावर शेगडीवर ओवा टाकून धुरी देतात, तुम्हाला माहीत असेल. ती शेगडी पाळण्याखालीच राहिली होती. पाळण्यातून लोंबणाऱ्या दुपट्याचं टोक निखाऱ्यावर पडलेलं, ते धुमसत वर चढत होतं आणि बाळ खोकत होतं. चार-पाच महिन्यांची पोर. खाली शेगडीला लागून सुताची लडी पडली होती, तिनं पेट घ्यायला सुरुवात केली होती. आणि कोपऱ्यात चटईवर एक म्हातारी पडलेली, डोळे सताड उघडे, माझ्याकडे लागलेले.

मी नळी टाकली. पोर उचलली आणि म्हातारीच्या कुशीत ठेवली. मग विझवायला काहीतरी हवं. दारात बादली होती, भरलेली. पण ती डीडीटीची. तान्ह्या पोराच्या खोलीत विष ओतायचं का? मी स्वयंपाकघरात धावलो. तिथं पिण्याच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. तो उचलला आणि पाळण्यावर, शेगडीवर, लडीवर ओतला. सगळं मिळून दोन मिनिटं गेली असतील. मागाच्या साडीवर एक शिंतोडासुद्धा उडाला नाही, हे मी नंतर दहा ठिकाणी सांगितलं. कुणाला त्यात रस नव्हता.

मी ओल्या हातांनी दारात आलो तेव्हा शंकराप्पांची बायको शांताबाई समोरून येत होती. दोन गल्ल्या पलीकडे सूत आणायला गेली होती. मला तिच्या दारात बघून तिचा चेहरा उतरला. पहिलं वाक्य काय असावं? "कुठं शिरलतास?"

मी आत बोट दाखवलं. ती धावली. पोरीला छातीशी धरून तिनं असा हंबरडा फोडला की गल्लीतले माग थांबले. लोक जमले. शंकराप्पाही आले. त्यांनी काळा पडलेला पाळणा बघितला, पोरगी बघितली आणि बाहेर येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला. हे मी विसरलेलो नाही आणि त्यांच्या बाजूनं एवढं तरी लिहिलं पाहिजे. 

मग मागून कुणीतरी म्हणालं, "हंडा कुणी उपडा केला?"

शंकराप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "मी. दुसरं पाणी न्हवतं."

त्यांनी हात सोडला. झटकला नाही, नुसता सोडला. पण मला तो सोडलेला हात झटकल्यापेक्षा जास्त लागला.

आता हंड्याला हात लावला म्हणून तक्रार देता येत नव्हती. तसा कायदा होता आणि तो शंकराप्पांना ठाऊक होता. मग तक्रार कसली? घरात कुणी नसताना कडी काढून शिरला, ही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, तसली गत. आग विझली त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं, मी तिथं का होतो एवढंच विचारायचं होतं.

चौकीतला रायटर कानडीत लिहीत होता. मी वाकून वाचलं – ‘अतिक्रम प्रवेश’. मी विचारलं, "म्हंजे काय साहेब?" तो म्हणाला, "म्हंजे शिरणे." मग त्यानं खरा प्रश्न विचारला. "ती कडी नवीन माणसाला उघडत न्हाय म्हणत्यात. शेजाऱ्यांनासुदिक जमत न्हाय. तुला कशी उघडली?"

मी म्हणालो, "आतून सांगितलं. आधी वर उचल, मग ओढ."

"कुणी?"

"म्हातारीनं."

शंकराप्पा बाकावर बसले होते. ते उठले नाहीत, आवाजही चढवला नाही. म्हणाले, "माझ्या आईला लकवा मारलाय. दोन वरसं झाली वाचा गेलीया. पाणी पायजे म्हणून बी बोलत न्हाय ती."

रायटरनं पेन खाली ठेवलं. घरात दुसरं कोण होतं? पाच महिन्यांची पोर. म्हणजे एक तर मी खोटं बोलत होतो, नाहीतर मी त्या घरात आधीही शिरून आलो होतो आणि कडीची खोड मला आधीपासून ठाऊक होती. माझ्या खरेपणाचा जो पुरावा होता, तोच त्यांनी माझ्या गळ्यात अडकवला.

कल्लाप्पाला विचारलं, "तू हाक ऐकलीस?" तो स्वतःच्या चपलांकडे बघत म्हणाला, "पंप चालू होता साहेब. मला काय ऐकू आलं न्हाय." पंप त्याच्या खांद्यावर होता.  

दुसऱ्या दिवशी इनामदारसाहेब मला घेऊन वडगावला गेले. माणूस वाईट नव्हता. प्रकरण मिटावं अशी त्यांची इच्छा होती. मला ओट्याखाली उभं केलं. दार उघडं होतं आणि माजघरातली म्हातारी मला रस्त्यावरून दिसत होती. साहेबांनी उंबऱ्यातून विचारलं, "आजी, तुम्ही ह्या पोराला बोलावलं होतं?"

शांताबाई पदर सावरत म्हणाली, "आत्याबाई बोलत न्हाईत साहेब. पयलं लई बोलायच्या. रस्त्यानं जाणाऱ्याला हाका मारायच्या, ये रं बाळा, आत ये म्हणून. येणाऱ्याला कडीचं बी त्याच सांगायच्या, आधी वर उचल, मग ओढ." एवढं बोलली आणि एकदम थांबली. आपण काय बोललो ते तिलाही कळलं असावं. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, ती आत निघून गेली.

आणि म्हातारी माझ्याकडे बघत होती. तिचा डावा हात हलला. पंजा खाली करून बोटं आपल्याकडे ओढतो ना आपण, कुणाला जवळ बोलावताना... तसा. दोनदा.

मी साहेबांकडे बघितलं. त्यांनी पाहिलं होतं. मला शपथेवर विचारा, त्यांनी पाहिलं होतं. ते खाली मान घालून रजिस्टराची पानं चाळायला लागले. शंकराप्पा पुढं झाले आणि त्यांनी दार लोटलं. साहेबांनी त्या घरापुढं ‘नकार’ लिहिलं आणि आम्ही निघालो.

केस पुढं गेली नाही. साहेबांनी मिटवली. मिटवली म्हणजे काय, तर कायमच्या यादीचं राहिलंच, हंगामी यादीतूनही माझं नाव काढलं. मी बोरगावला परतलो. आईनं फक्त विचारलं, "किती हाका ऐकलास?" मी म्हणालो, तीन. ती म्हणाली, "मग तुझं काय चुकलं न्हाय." वडील त्याच पावसाळ्यात गेले. औषधाला बेळगावला न्यायचं होतं, ते राहून गेलं. पुढं मी परीक्षा दिल्या, निपाणीत एका शाळेत क्लार्क झालो, घर बांधलं, सगळं झालं. पण वडिलांचं ते राहिलं ते राहिलंच, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जाऊ नये असंही वाटतं.

म्हातारीनं तोंडानं काहीतरी आवाज केला असेल आणि मी त्याचे शब्द ऐकले असतील, अशी समजूत मी बरीच वर्षं घालून घेतली होती. कडीची गोष्ट बसत नव्हती, पण म्हटलं, हाताला आपोआप सुचलं असेल. शिकलेल्या माणसाला कसलंही स्पष्टीकरण चालतं, फक्त ते असावं लागतं.

मग चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीला शाळेच्या बाकांच्या कामासाठी मी बेळगावला उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत गेलो होतो. बसस्टॉपवर कल्लाप्पा भेटला. एका फाउंड्रीत लागला होता, केस पिकले होते. त्यानंच ओळखलं. चहा घेतला. म्हातारी त्या प्रकारानंतर चार महिन्यांत गेली, त्यानं सांगितलं. पोरगी शाळेला जाते, हुशार आहे म्हणाला. मग कप खाली ठेवून म्हणाला, "दिनकर, मी त्या दिवशी खोटं बोललो रं. माझं बी पोट होतं. मी बी ऐकलतो."

मी म्हणालो, "ठाऊक हाय मला."

"न्हाय, ऐक. मी घरात कुणाला सांगितलं न्हाय आजपातूर. म्हातारी लई चांगली कानडी बोलली. ‘वळगं बारप्पा’ म्हणाली, आत ये बाबा म्हणून. मग ‘चिलक म्याल यत्तु’ म्हणाली, कडी वर उचल म्हणून. माझ्या आईसारखं, गोकाककडचं कानडी. मला वाटलं वडगावात अशी कानडी कोण बोलतंय."

माझा चहा तसाच राहिला. मी त्याला विचारलं, मराठी काहीच ऐकलं नाहीस? तो म्हणाला, मराठी कुठं, तिन्ही वेळा कानडीच, तूच मराठीत जबाब देत होतास आणि मला नवल वाटत होतं. आम्ही दोघं एका दारात, हातभर अंतरावर उभे होतो. मी बोरगावची मराठी ऐकली. त्यानं गोकाकची कानडी ऐकली. वाक्यं तीच, वेळ तीच. त्याला खोटं बोलून आता काय मिळणार होतं? त्याची बस आली आणि तो चढला. नंतर आमची भेट नाही.

तर असं आहे. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. कुणाकडे असेल तर जरूर कळवा, फक्त भुताखेतांचं कळवू नका, कारण भुतांनी माझं कधी काही वाकडं केलेलं नाही. ती हाक म्हातारीची होती की त्या घराची की आणखी कशाची, हे मी ठरवू शकलो नाही. त्या गल्लीतल्या ज्यांना तोंड होतं त्यांच्यापैकी एकानंही मला कधी ‘ये’ म्हटलं नाही, आणि जिची वाचा गेली होती ती मला हातानं बोलावत असताना त्यांनी दार लावून घेतलं.